अठरा कोरचे दहा डबे

सन दोन हजार एकोणीस. मला त्रेसष्टावं चालू होतं. त्या नवरात्रात आमच्या जमिनीचा उरलासुरला पैसा एका दिवसात निम्मा झाला. चोरी नाही झाली, आग नाही लागली. सातासमुद्रापलीकडे दोन कंपन्यांचं जुंपलं आणि इकडे कोपरखैरण्यात माझ्या कपाटातल्या दहा डब्यांचा भाव कोसळला.

संपादकसाहेब म्हणाले, कंपन्यांची नावं लिहू नका. नाही लिहीत. इथे मी त्यांना निळे आणि लाल म्हणतो. कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, जगात कोणी बनवायचा तर निळ्यांनी नाहीतर लालवाल्यांनी. तिसरा माणूस आमच्या बाजारात नाहीच. बिस्किटाएवढा चौकोन असतो. त्यातला वरच्या दर्जाचा घेतला तर तेव्हा एका बिस्किटाला नवी मोटारसायकल येऊन वर हेल्मेट यायचं.

मी चौथी शिकलेला. पाचवीत नाव घातलं होतं, पण मिठागरावर हात कमी पडले म्हणून बापाने काढलं. पुढे जमिनी नव्या शहराच्या प्रकल्पात गेल्या, मीठ गेलं, भात गेला, आणि मी तुर्भ्याच्या गोदामात खोकी उचलायला लागलो. खोक्यांत कॉम्प्युटर असायचे. तिथल्या इंजिनिअरला स्क्रू पिळायला एक माणूस पाहिजे होता, तो मी झालो. स्क्रू पिळता पिळता दुकान झालं. माझ्या हातचं मशीन परत आलंय असं तळवलीपासून बेलापूरपर्यंत कोणी सांगून दाखवावं. हा गर्व आहे, माहीत आहे मला. असू दे.

कोर म्हणजे काय, हे लोक फार विचारतात. मी लावणीचं सांगतो. शेतात एक बाई लावणीला असली की एक कोर. अठरा बाया उतरवल्या की अठरा कोर, चिखल असा पटापट हिरवा होतो. पण शेत मोठं पाहिजे. चिठ्ठी टाइप करायला अठरा कोर घेतले तर एक बाई काम करणार आणि सतरा बांधावर बसून तंबाखू मळणार. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, आणि तरी लोक अठराच मागायचे. नेरूळचा एक ज्योतिषी आला होता. पत्रिका काढायला अठरा कोर पाहिजेत म्हणाला. मी म्हटलं, "महाराज, अठरा कशाला? तुमचे ग्रह तर नऊच." तर म्हणतो, "प्रत्येकाला दोन-दोन." काय बोलणार? दिला. एका बिल्डरच्या मुलाने तर सगळ्यात महाग मशीन घेतलं, काचेच्या पेटीत, आत रंगीत दिवे. वर्षाने साफ करायला आणलं तेव्हा पाहिलं, त्यात त्याने पत्त्यांचा खेळ सोडून काही टाकलंच नव्हतं.

आणि एक साठेसाहेब होते. बँकेतून निवृत्त झालेले. दर शनिवारी दुकानात यायचे, अठरा कोरचा भाव विचारायचे, माझा चहा प्यायचे आणि म्हणायचे, "थांबतो. उतरेल." दोन वर्षं थांबले होते. मी त्यांना हसायचो. कारण थांबायचं कशासाठी ते मला ठाऊक होतं, आणि ते भाव उतरण्यासाठी नव्हतं.

आमच्या गावांत प्रत्येक घरात एक धडा गिरवलेला असतो. तो शाळेत नाही शिकवत. बापाची जमीन गेली तेव्हा मिळालं काय, आणि तीच जमीन पुढे विकली गेली कितीला. मग बदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के, असे भूखंड मिळाले. ज्यांनी मिळाल्या मिळाल्या विकले ते आज दुसऱ्याच्या इमारतीत वॉचमन आहेत. ज्यांनी दाबून ठेवले त्यांचे बंगले झाले. धडा काय? विकायची घाई करू नये. जो थांबला तो जिंकला. आमचा भूखंड आम्हा दोघा भावांचा होता. आम्ही थांबलो, बऱ्या भावाला विकला, घरं बांधली, आणि थोडं उरलं.

त्याच सुमाराला बाजारात निळ्यांच्या मालाची टंचाई आली. वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचा डबा आज आणला की पंधरा दिवसांनी महाग. मी दोन-चार दाबून ठेवले, चांगले विकले गेले. मग डोक्यात शिरलं, की अरे, हा तर भूखंड आहे! खिशात मावणारा भूखंड. माझा उरलेला पैसा त्यात घातला. धाकटा भाऊ बळीराम, त्याचाही घातला. तो एका शब्दाने विचारत नव्हता. म्हणाला, "दादूस, तू म्हनशील तसा. फकस्त तुलशीचं लगीन झालं का माझे पोरीचं लगीन हाय. तवा लागतील."

"त्याच्या आदी दुप्पट देतो," मी म्हणालो.

असे दहा डबे झाले. अठरा कोरचे, निळ्यांचे. बापाची जमीन एका कपाटाच्या एका फळीवर मावली.

फक्त माझ्या बायकोला हे पटलं नव्हतं. ती करावे गावची. तिची आई खाडीची मासळी विकायची. ती डबे बघून म्हणाली, "आवो, ही जमीन नाय. मासली हाय. हातात हाय तवर इका."

मी म्हणालो, "तुला कॉम्प्युटरातलं काय कलतं?"

"कॉम्प्युटरातलं नाय कलत. बाजारातलं कलतं. शेजारी दुसरी कोलीन टोपली घेऊन बसली का भाव तिचा पन पडतो आन् आपला पन. तुमचे ते लालवाले बसलेत ना बाजूला?"

बसले होते. लालवाले कित्येक वर्षं डिपॉझिट जप्त होणाऱ्या उमेदवारासारखे होते, कोणी मोजत नव्हतं. पण गेल्या दोन वर्षांत त्यांनी चांगला माल काढला होता, बाया जास्त आणि मजुरी कमी. मला दिसत होतं. पण वरच्या दर्जाचा माल घेणारा भाव बघत नाही, नाव बघतो, असं मी धरून चाललो होतो.

गणपतीत देशपांडे मॅडम आल्या. बेलापूरला त्यांचं ऑफिस. बिल्डर लोकांना न बांधलेल्या इमारती बांधलेल्या दाखवायच्या, हा त्यांचा धंदा. पडद्यावर लॉबी, बाग, पोहायचा तलाव, त्यात पोहणारी पोरं. एकदा आमच्या जुन्या शेतावरच्या टॉवरचंही त्यांनी केलं होतं. जिथे आम्ही बेडूक मारले तिथे गोरी गोरी पोरं पोहताना बघून मला बरं का वाईट ते कळलं नव्हतं. असलं काम करायला अठराच्या अठरा बाया लागतात, बांधावर एक बसत नाही. त्या म्हणाल्या, "काका, दहाही घेते. थोडं कमी करा."

"कमी नाही होणार. दिवाळीला या, याच्यापेक्षा जास्त द्याल."

"काका, प्रोसेसर आहे तो. सोनं नाही."

"सोन्याच्या वर आहे मॅडम."

त्या हसल्या आणि गेल्या. मी बोलवलं नाही. गिऱ्हाइकाला मागून हाक मारायची नाही, हा माझा नियम.

चौथ्या माळेला साठेसाहेब आले. शनिवार नव्हता. चप्पल न काढता आत आले. "उतरला!" म्हणाले.

"काय उतरला?"

"भाव हो! निळ्यांनी जाहीर केलं काल. नवा अठरा कोर आणतायत, आणि किंमत निम्मी. सरळ निम्मी! लालवाल्यांनी त्यांना कोंडीत पकडलं ना. ते त्याहून मोठा आणतायत." माणसाला नातू झाल्यासारखा आनंद. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडा वाचता येतो. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी होते.

मी म्हणालो, "मग आता घेणार ना साठेसाहेब?"

"छे! आता लालवाले उतरवतील. थांबतो."

चहा पिऊन गेले. मी कपाट उघडलं. डबे जागेवर होते. एक उचलून पाहिला. वजन तेच. हात लावून भाव पडल्याचं कळत नव्हतं, हेच मला सहन होईना. मासळी वास तरी मारते.

आता आमच्या धंद्यातली एक सोय सांगतो. भाव असा अचानक उतरला की कंपनी मोठ्या व्यापाऱ्याला फरक भरून देते, म्हणजे तो मरू नये म्हणून. आणि मोठा व्यापारी, मनात आलं तर, आमच्यासारख्या छोट्याचा माल त्यात धरतो. अट एकच. डबा सीलबंद पाहिजे, कोरा पाहिजे. मी एकाचंही सील तोडलं नव्हतं. दहाही डबे पिशवीत घालून तुर्भ्याला माझ्या मोठ्या व्यापाऱ्याकडे, मनसुखशेठकडे गेलो. वाटेत जीव भांड्यात पडत होता आणि परत उडत होता.

शेठने पहिला डबा हातात घेतला, फिरवला, नाकाजवळ नेला. "दादा, हे काय लावलंय?"

"हळद-कुंकू."

"डब्याला?"

"मग? लक्ष्मी दुकानात आली तर काय तशीच कपाटात कोंबायची? माझा प्रत्येक मोठा माल आधी देवापुढे जातो. आज नाही, पहिल्यापासून."

"सगळे दहा?"

"सगळे दहा."

शेठने डोकं धरलं. "अरे दादा, कंपनीला फोटो पाठवायचा असतो. कंपनीवाला पूछेगा, मनसुखभाई, ये प्रोसेसर है के मिरची-हळदी का पुडा?" तरी भला माणूस, ओला रुमाल घेऊन पुसायला लागला. पुठ्ठ्यावरचं कुंकू पुसलं तर जातं थोडंच? पसरलं. सीलवर लाल थापा झाला. शेठ म्हणाला, "पाठवून बघतो. आशा ठेवू नका." दोन दिवसांनी फोन आला. कंपनीवाले नाही म्हणाले.

माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मग ते दिवस. दुकानात बसायचो, पण कान फोनकडे. भाचीने मोबाईलवर भाव कुठे बघायचा ते दाखवून दिलं, तेच फार वाईट झालं. जेवताना बघायचो, गिऱ्हाईक समोर असताना बघायचो. आज थोडा, उद्या आणखी थोडा. दोन जण भाव विचारायला आले, दोघांनीही निम्म्याने मागितला. मी दोघांनाही हाकललं. एकाला म्हणालो, "फुकट नेतोस का? पिशवी देऊ?" मला वाटत होतं, थांबू. निळे माघार घेतील. लालवाल्यांचा माल तापेल, काहीतरी होईल. जमिनीचा भाव पण मध्येच पडायचा, परत चढायचा. आणि दर दिवसाला बळीरामचं काहीतरी यायचं. मंडपवाला विचारतोय. हळदीला दोन डीजे सांगू का? सोनाराकडे कधी जायचं? मी प्रत्येकाला "हो, सांग, कर" म्हणायचो. फोन ठेवला की परत भाव बघायचो.

दसऱ्याला तो सोनं द्यायला आला. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, पाया पडला. धाकटा भाऊ, त्याचेही केस पांढरे झालेत. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हणालो, "बस, चाय घे." तो म्हणाला, "नको, अजून घरं फिरायचीत." आणखी जरा उभा राहिला आणि गेला.

बायकोने हे सगळं दारातून बघितलं. तो गेल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली.

"आज काय भाव?"

मी सांगितला.

"आन् उद्या?"

"मला काय माहीत?"

"मना माहीत हाय. कमी. माझे आईची मासली सांजच्याला उरली तर ती काय करायची, म्हाईत हाय? ती बाजारात बसून नाय राहायची. बाजारात उरलेली मासली सगल्यांना दिसते. ती टोपली डोक्यावर घ्यायची आन् ज्या घरी उद्या पावने हायत त्या दारात जायची. त्यांना गरज असते. तुमच्या वलखीत गरज कोनाला हाय?"

ओळखीत गरज कोणाला होती ते मला ठाऊक होतं. पण मी कधी गिऱ्हाइकाच्या दारात गेलो नव्हतो.

"तुमी नका बोलू," ती म्हणाली. "मी बोलते. तुमी पिशवी धरा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने बेलापूरला गेलो. तिने लग्नाकार्याची साडी नेसली होती. देशपांडे मॅडमचं ऑफिस म्हणजे नुसती काच आणि गारठा. सगळी पोरं-पोरी पडद्यांसमोर माना घालून. मॅडमनी आम्हाला आत बसवलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो, शाळेत पहिल्या दिवशी बसलो होतो तसा.

बायको म्हणाली, "बाय, दहा हायत. सगले घेतंस तर बोल. एकेक नाय इकायचा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. मॅडम म्हणाल्या, "मावशी, त्याची किंमत आता निम्मी झाली. काकांना माहीत आहे."

"निम्मी कशाची? नव्याची ना? नवा आला बाजारात?"

"येईल. पुढच्या महिन्याच्या शेवटी."

"आन् तुजं काम कवा?"

बाहेर एक पोरगा ओरडत होता, मशीन परत अडकलं, रात्रभर चालवलं ते गेलं. मॅडम म्हणाल्या, "दिवाळीला. तीन बिल्डर आहेत."

"म्हंजे पावने आज जेवायला, आन् मासली पुढल्या महिन्यात."

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरची पोरं वळून बघायला लागली. "मावशी, तुम्ही इथे नोकरी कराल का?"

"तू आदी भाव कर. मंग नोकरीचं बगू."

मग त्या दोघींनी भाव केला. मी धंद्यात एवढी वर्षं काढली, पण तसा भाव मी कधी केला नाही. एक खाली बोलायची, एक वर बोलायची, दोघीही चिडायच्या नाहीत. बायको दोनदा उठली, दोनदा मॅडमनी बसवली. माझ्याकडे एकदाच बघितलं तिने, आणि म्हणाली, "आन् मशीन हे सोता जोडून देतील, हितं बसून. ते पैशे नाय घ्यायचे." मी मान हलवली. निम्म्याच्या बराच वर, घेतल्याच्या बराच खाली, असा सौदा झाला. मॅडमनी एक डबा हातात घेतला, त्यावरचा लाल थापा बघितला आणि काही न विचारता कपाळाला लावला.

खाली आल्यावर मी बायकोला म्हणालो, "गणपतीतच दिले असते तर..."

"चला," ती म्हणाली. "रिक्षावाल्याचा मीटर चालू हाय."

त्यात बळीरामचा हिस्सा पुरा निघत होता. माझ्या वाटणीला जे राहत होतं त्यात जेमतेम एक मोटारसायकल आली असती, वर हेल्मेट नाही. धंद्याची गोष्ट म्हणून सांगतो, हे निळे आणि लाल असे भांडतात तेव्हा जग त्याला स्वस्ताई म्हणतं, आणि ते खरं आहे. पुढे साठेसाहेबांसारख्यांना त्याच पैशात दुप्पट बाया मिळायला लागल्या. चांगलंच झालं. पण दोघांच्या मध्ये माल हातात घेऊन जो उभा असतो त्याचं काय होतं, ते पेपरात येत नाही. म्हणून इथे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता तळवलीला बळीरामच्या दारात गेलो. तो ओट्यावर बसून दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण. मी चेक त्याच्यापुढे ठेवला. "तुझा हिस्सा. पुरा हाय."

त्याने चेक बघितला. "आन् तुझा?"

"माझा मी बघीन."

"दादूस," तो म्हणाला, "पोरीने चौथ्या मालेलाच मोबाईलवर दाखवलं. निम्मा झाला ना?"

म्हणजे दसऱ्याला पाया पडला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. "मग बोलला का नाय?"

"तू बोलशील म्हनून थांबलू."

मग तो म्हणाला, नुकसान दोघांचं, निम्म्याचा चेक दे, हळदीला एक डीजे कमी करू. मी म्हणालो, दोन डीजे म्हणजे दोन डीजे, पोरीला सांगून झालंय. तो म्हणाला, पोरगी त्याची आहे. मी म्हणालो, शब्द माझा आहे. तोंडावरचा साबण वाळला तरी आमचं चालूच. भावजय आतून ओरडली, "सकाली सकाली भांडताव कनाला?" तेव्हा बळीरामने तो चेक उचलला, मधोमध फाडला आणि वस्तरा परत हातात घेतला.

मी खिशातून चेकबुक काढलं, ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो आणि दुसरा लिहिला. आकडा तोच. सही केली, आणि हा मात्र त्याच्याकडे दिला नाही. आत जाऊन भावजयीच्या हातात दिला.